प्रिमियरच्या स्पेअर खात्यातले मामा

बिनकार्ड (धागाकर्ता)

आमच्या बिल्डिंगमधले मामा मागच्या पंधरवड्यात गेले. सख्खे नव्हेत. कुर्ल्याला नेहरूनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि अख्खी बिल्डिंग त्यांना मामा म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. १९६१ मध्ये विशीत प्रिमियर ऑटोमोबाईल्स या मोटार कंपनीच्या स्पेअर पार्टच्या खात्यात लागले आणि १९९९ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. अडतीस वर्षं एकच खातं. बाराव्याला जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं, "स्टोअरमध्ये होते ना? म्हणजे पार्ट द्यायचे-घ्यायचे." ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

द्यायचे-घ्यायचे. बरं.

पहिली गोष्ट, मेकॅनिक पार्टचं नाव सांगतो आणि स्टोअरमध्ये पार्ट नंबरावर पडलेला असतो. नावं तरी किती! कॅटलॉगमध्ये डिस्ट्रिब्युटर, गॅरेजमध्ये तोच डेल्को. कुणी म्हणणार "तो पुढचा बुश", कुणी म्हणणार "तो लांबडा बुश", आणि कुणी नुसतंच बोटांनी दाखवणार, "एवढा, मध्ये भोक". मामा ऐकून घ्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे: "कशातून काढला?" गाडी कुठल्या सालची, भाग कुठल्या बाजूचा, शेजारी काय होतं. डॉक्टर पोटदुखीवाल्याला विचारतात ना, तसं. मग आत जाऊन जो पार्ट आणायचे, तो बसायचाच.

दुसरी गोष्ट मला त्यांनी स्वतः दाखवली होती. मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होतो आणि कॉलेजात मायक्रोमीटर शिकलो म्हणून जरा हवेत होतो. मामांनी खिशातून दोन बोल्ट काढून टेबलावर ठेवले (दोन्ही आमच्याच गच्चीच्या टाकीचे होते, हे पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं) आणि म्हणाले, सांग बघू. मला दोन्ही सारखेच दिसले. एक ५/१६ इंचाचा, दुसरा ८ मिलिमीटरचा. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर, फरक केसाएवढा. पण आट्यांमधलं अंतर वेगळं. एकाच्या नटात दुसरा घातला तर दोन आटे सुखाने जातो, मग अडतो. अडला की अडाणी माणूस पान्याला जोर लावतो आणि आटे खाऊन टाकतो. मामांनी दोन्ही बोल्ट आट्याला आटा लावून खिडकीच्या उजेडात धरले. सुरुवातीला दात दातांत बसलेले, आणि पुढे हळूहळू एकमेकांवर चढत गेलेले. मधून उजेडाच्या बारीक फटी. "हे बघायला काही लागत नाही," म्हणाले. "खिडकी लागते."

त्यांच्या खात्यात हा घोळ रोजचा होता. प्रिमियरची सुरुवात अमेरिकन क्रायस्लरच्या परवान्यावर झाली. डॉज, प्लिमथ, डिसोटो, फार्गोचे ट्रक, सगळं इंची. मग फियाट आली, ती इटालियन, म्हणजे मिलिमीटर. मामा लागले तेव्हा एकाच छपराखाली दोन्ही मापं नांदत होती. चुकीच्या खणात एक मूठभर बोल्ट पडले तरी ते कुणाच्या तरी गाडीपर्यंत पोचणार, आणि पोचेपर्यंत कुणाला कळणार नाही.

१९६४ मध्ये पद्मिनी आली तोवर मामा खात्यात मुरलेले होते. २०२३ च्या ३० ऑक्टोबरला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे बंद झाली, ती बातमी मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. नजर अधू झाली होती. मला वाटलं डोळ्यांत पाणी येईल. मामा म्हणाले, "त्याला विचार, क्लचप्लेट कुठून आणत होता."

खोपोलीकर

मामांना श्रद्धांजली. खिडकी लागते, हे वाक्य वाखूसा (वाचनखूण साठवली).

आमच्या आजोबांकडे डुक्कर फियाट होती. नवीन पिढीसाठी: पद्मिनीच्या आधीची गोलमटोल फियाट ११००, तिला मुंबई-पुण्यात सरसकट डुक्कर फियाट म्हणायचे. पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला. आजी नऊवारीत उतरायची तेव्हा ते दार फार सोयीचं पडायचं. चालत्या गाडीत चुकून उघडलं तर मात्र वारा ते फाडकन मागे न्यायचा.

बोरघाटात एप्रिल-मे महिन्यात गाडी हमखास दम टाकायची. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाला चिकटून असायचा. तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसती हवा ओढत बसायचा. आजोबा पंपावर ओलं फडकं टाकून बाजूला विडी ओढत बसायचे. विडी संपली की गाडी चालू. त्या फडक्यासाठी आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा कायम पायाशी ठेवलेला असायचा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकवत नाहीत.

सनावळी

चांगलं लिहिलं आहे, पण एक दुरुस्ती. १९६४ मध्ये आली ती फियाट ११०० डिलाइट. १९७२ मध्ये तिचं नाव प्रिमियर प्रेसिडेंट झालं आणि पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. गाडी तीच, बारसं तीनदा. इंजिन १०८९ सीसी (६८ मिलिमीटर बोअर, ७५ स्ट्रोक), गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रिमियर काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. जहाज कंपनी (सिंदिया, १९१९), विमानाचा कारखाना (बंगळूर, १९४०), विशाखापट्टणमची गोदी, आणि १९४४ मध्ये प्रिमियर. इंग्रज राज्यात हिंदी माणसाने मोटार करायची म्हणजे परवानगीपासून यंत्रांपर्यंत सगळ्याच गोष्टींत पायात पाय. त्याच मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जोडत होती. जोडत होती, बनवत नव्हती. पेट्यांतून भाग यायचे, इथे बोल्ट पिळायचे. पन्नाशीच्या दशकात सरकारने सांगितलं की भाग इथेच बनवणार असाल तर राहा, तेव्हा त्यांनी गाशा गुंडाळला. प्रिमियर राहिली.

धागाकर्त्याच्या मामांचं खातं या दृष्टीने बघा. परदेशी भाग एकेक करून देशी होत जातो तेव्हा जुना साठा आणि नवा साठा शेजारी शेजारी येतो. दिसायला भावंडं. हे दोन एकमेकांच्या जागी चालतात की नाही, याचं उत्तर कुणाला तरी माहीत असावं लागतं.

बिनकार्ड (धागाकर्ता)

सनावळी, दुरुस्ती मान्य. घरात सगळ्यांच्या तोंडी "पद्मिनी" असल्याने गफलत झाली. मामा स्वतः शेवटपर्यंत "डिलाइट"च म्हणायचे, त्यांनी पकडलं असतं मला.

तिसरा_गिअर

भारी धागा. एक प्रश्न: डुप्लिकेट मालाचं काय? पद्मिनीचे पार्ट ऑपेरा हाउसला न्यू क्वीन्स रोडच्या दुकानांत मिळायचे, जुने काढलेले पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर. तिथे "कंपनीचा" आणि "लोकल" असे दोन भाव सांगायचे आणि डबा दोन्हींचा सारखाच! आम्ही एकदा एका गॅरेजवाल्याच्या शब्दावर "कंपनीचा" व्हील सिलिंडर किट घेतला. तीन महिन्यांत रबर फुगून ब्रेक धरून बसला. गॅरेजचं नाव घेत नाही, बिचारा आता नाही.

मामांसारखी माणसं डबा न बघता ओळखायची का?

बिनकार्ड (धागाकर्ता)

@तिसरा_गिअर: रबर फुगणं म्हणजे बहुतेक त्याला खनिज तेल किंवा पेट्रोल लागलं. ब्रेकचं रबर ब्रेक ऑइलमध्येच धुवायचं, हे मामा सांगून सांगून थकले होते. मेकॅनिकला पेट्रोलने धुवायची सवय, कारण पेट्रोलने सगळंच लख्ख होतं.

ओळखायचे कसे, ते सांगतो. रबराचा भाग असेल तर अंगठ्याच्या नखाने वाकवून कडेला बघायचे. बारीक भेगा दिसल्या की परत. रबर कपाटात नुसतं पडूनही म्हातारं होतं, म्हणून आधी आलेला माल आधी बाहेर गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. चिकटू नये म्हणून रबराच्या भागांना शंखजिऱ्याची पूड लावलेली असायची. मामा घरी यायचे ते कोपरापर्यंत पांढरे आणि अंगाला ग्रीसचा वास. मामी म्हणायच्या, "गिरणीत जाता की मोटारीच्या कारखान्यात?"

किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) असेल तर आधी टेबलाच्या काचेवर लोळवायचे. सरळ असेल तर गडगडत जाते, वाकडी असेल तर लंगडते. मग टोकाला कानस. चांगल्या किंगपिनचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, त्यावरून कानस घसरते. चावली तर लोकल.

आणि ३१ मार्चची मोजणी! वर्षाचा साठा मोजायचा, बिनकार्डावरचा आकडा आणि खणातला आकडा जुळवायचा. (माझा आयडी तिथूनच आला. प्रत्येक खणाला लटकवलेलं कार्ड, त्यावर आवक, जावक, शिल्लक.) त्या आठवड्यात मामा घरी जेमतेम झोपायला यायचे. एका वर्षी एक वॉशर जास्त भरला. कमी नव्हे, जास्त! साहेब म्हणाले, सोडून द्या. मामांनी सोडलं नाही. त्यांचं म्हणणं, जास्त भरला म्हणजे कुठेतरी एका गाडीत तो कमी गेलाय.

घरातही हेच. मामींच्या फडताळातल्या डब्यांना त्यांनी खडूने नंबर घातले होते. रॅक, कप्पा, डबा. मामींनी आठवडाभर सहन केलं आणि मग ओल्या फडक्याने सगळे पुसून टाकले. "हळदीला हळद म्हणायचं," एवढंच म्हणाल्या. कारखान्यात जे कुणाला जमलं नाही ते मामींनी एका फडक्याने केलं.

कोनाडा

मी वाचनमात्र असतो, पण इथे लिहायला हवं. धागाकर्ता मला ओळखणार नाही, आम्ही त्याच बिल्डिंगमध्ये होतो आणि १९९१ मध्ये सोडून गेलो.

माझ्या वडिलांनी सेकंडहँड पद्मिनी घेतली होती. हौसेची गाडी, पगार तुटपुंजा. किंगपिन गेल्या, स्टिअरिंग थडथडायला लागलं. बाबांनी मामांना विचारलं की तुमच्या तिथून एक सेट आणून द्या, पूर्ण पैसे देतो. फुकट मागितला नव्हता. मामा म्हणाले, मी गेटमधून काही आणत नाही. बाबा म्हणाले, पावती करून आणा. मामा म्हणाले, पावती करूनही नाही. दोन दिवसांनी आम्ही गावी लग्नाला निघणार होतो. गाडी राहिली, आम्ही लाल डब्याने गेलो, आई सबंध घाटभर उलट्या करत होती.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं ते आम्ही घर सोडेपर्यंत. जिन्यात समोरासमोर आले तर एकजण भिंतीकडे बघायचा.

मामा चांगले असतील. तत्त्वनिष्ठ असतील. पण शेजाऱ्याच्या अडीनडीला न येणारं तत्त्व मला लहानपणी समजलं नाही आणि आता पन्नाशीत पण नीट समजत नाही. श्रद्धांजलीच्या धाग्यावर हे लिहिल्याबद्दल क्षमस्व.

खोपोलीकर

@कोनाडा, क्षमा कसली. लिहिलंत ते बरं केलंत.

सनावळी

त्या काळी कारखान्याच्या गेटवर सुटताना झडती व्हायची हे लक्षात घ्यायला हवं. पद्मिनीची मागणी अशी होती की नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. अशा गाडीच्या पार्टला बाजारात सोन्याचा भाव. स्टोअरच्या माणसाने एकदा पावती करून का होईना शेजाऱ्यासाठी पार्ट आणला की दुसऱ्या दिवशी दारात दहा शेजारी.

कोनाडा

सगळं खरं. पण माझी आई उलट्या करत होती हेही खरं.

टॅक्सीचा_नातू

माझे आजोबा मंडणगडचे, तीस वर्षं मुंबईत काळी-पिवळी चालवली. हे मामा बहुतेक तेच असणार, कारण नेहरूनगरच्या एका "पार्टवाल्या मामां"कडे आजोबा मला घेऊन गेले होते. साल २००४ किंवा ०५. कारखान्यातून पद्मिनी निघणं बंद होऊन काही वर्षं झाली होती, मामा निवृत्त. पण टॅक्सी हजारोंनी रस्त्यावर होत्या आणि त्यांना पार्ट लागायचेच.

रविवारी सकाळी मामांच्या दारात चपलांचा ढीग. सगळे टॅक्सीवाले, एकदोन गॅरेजवाले. कुणाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्बोरेटर, कुणाच्या पिशवीत पाच वेगवेगळ्या दुकानांतून आणलेले पाच बुश. मामा दारातल्या खुर्चीत बसलेले, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याचा लेंगा. पाच बुशांतला एक उचलायचे, बोट फिरवायचे, "हा घाल. बाकीचे परत कर, आणि पैसे परत नाही दिले तर मला सांग." विकत काही नव्हतेच. त्यांच्याकडे एकही पार्ट नव्हता! मला लहानपणी वाटलेलं की मामांच्या घरात गोडाऊन असेल. घरात फक्त माणूस होता.

आजोबांनी एकदा पन्नासाची नोट पुढे केली. मामांनी ती त्यांच्याच खिशात परत घातली आणि म्हणाले, आत जाऊन मामींकडे चहा सांगा, दोन साखरेचा. आजोबांना मधुमेह होता, पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

@कोनाडा, तुमचा राग कळतो. मी फक्त माझ्या बाजूचं सांगितलं.

तिसरा_गिअर

मग प्रिमियरची नंतर वाट का लागली? युनियन, की परदेशी कंपन्या, की मारुती? धाग्याचा काश्मीर करायचा, म्हणजे वाद पेटवायचा हेतू नाही, खरंच विचारतोय.

सनावळी

त्यावर वेगळा धागा होईल. थोडक्यात: १९८३ मध्ये मारुती ८०० आली. प्रिमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली. बॉडी फियाट १२४ ची, साचे स्पेनच्या सेआटकडचे, इंजिन निस्सानचं. एनई म्हणजेच निस्सान इंजिन. तीन देशांचं गोत्र, आणि स्टोअरवाल्याची पुन्हा परीक्षा. मग नव्वदीत कल्याणला प्यूजोबरोबर ३०९, कुर्ल्याला फियाटबरोबर उनो. पुढे कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला, तिथून पालिओ निघाली, आणि शेवटी फियाट रांजणगावला गेली. प्रिमियरने चिंचवडला २००९ मध्ये रिओ काढून बघितली. कुर्ल्याच्या जुन्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. रस्त्याचं नाव मात्र अजून प्रिमियर रोड.

बिनकार्ड (धागाकर्ता)

@तिसरा_गिअर, मामांना हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. उत्तर देत नसत. ते कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांना मानणारे होते. १६ जानेवारी १९९७ ला डॉक्टरांचा खून झाला, त्या रात्री मामा जेवले नाहीत, एवढं मामींनी सांगितलंय. त्यापुढे मी विचारलं नाही आणि इथेही नको.

@टॅक्सीचा_नातू, तेच मामा. पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यावरून खात्री पटली.

@कोनाडा, तुमच्या वडिलांचं नाव इथे घेत नाही, पण मला कळलं तुम्ही कोण. दोन दिवस विचार करून लिहितोय. मामांची बाजू मांडायला नव्हे, त्यांनी ती माझ्याकडे कधी मांडलीच नाही. ही गोष्ट मला मामींनी काल सांगितली, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर. मामा म्हणे त्या दिवसापासून गेटमधून नुसता डबा घेऊन यायचे तोही उघडा धरून, झाकण वेगळं. झडतीवाला हसायचा. आणि त्या रात्री मामींनीही त्यांना तेच विचारलं होतं जे तुम्ही विचारताय: शेजारी आहे, पावती करून काय बिघडलं असतं? तेव्हा म्हणाले, पावती मीच फाडणार, पार्ट मीच काढणार, मोजणी मीच करणार, मग मला धरणार कोण? मामींना हे तेव्हा पटलं नव्हतं. काल म्हणाल्या, अजूनही अर्धंच पटतं.

गच्चीच्या टाकीचे बोल्ट का, हे आता कळलं असेल. मला शिकवायलासुद्धा कारखान्यातला बोल्ट घरी नव्हता.

यारा_काठ

नमस्कार, मेलबर्नहून. धागा वाचून नाशिकला फोन केला, कारण आमच्याकडे बाबांची ११८ एनई अजून आहे. १९८९ ची. बाबा आठवड्यातून एकदा कॉलनीत फेरी मारतात. सध्या वॉटर पंपातून पाणी गळतंय. मेकॅनिक म्हणतो मिळणार नाही, गाडी भंगारात काढा. बाबा दोन दिवस जेवणावर रुसलेत.

धागाकर्ते, मामांनी काही लिहून ठेवलंय का? फार झालं मागणं तर दुर्लक्ष करा.

बिनकार्ड (धागाकर्ता)

मागणं फार नाही. एक वही आहे, दोनशे पानी, मामींनी मला दिलीय. निवृत्तीनंतर लिहायला घेतली. कंपनीतल्या कुठल्याही कागदाची नक्कल नाही, सगळं डोक्यातून. कॉम्प्युटर आला तेव्हा मामा एका बोटाने टाइप करायला शिकले होते, पण ही वही शिसपेन्सिलने. डावीकडे मेकॅनिक म्हणतो ते नाव, मध्ये गाडी आणि साल, उजवीकडे "याच्या जागी चालेल". काही ठिकाणी नुसतं "नको".

११८ चं पान सापडलं. जसंच्या तसं देतो:

"११८. इंजिन निस्सान ए १२, ११७१ सीसी. परदेशात कुणी असेल तर डॅटसन १२०० चा बघावा. वॉटर पंप: बोल्टच्या भोकांतलं अंतर आणि पुलीची उंची मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ग्यासकेट जुन्यावरून कापून घ्यावा."

यारा_काठ

काय सांगता! डॅटसन १२०० ची यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) इथे अजून लोक जीवापाड सांभाळतात, नवीन पंप दुकानात मिळतो. शनिवारी जाऊन घेऊनच टाकतो आणि कुरिअरने पाठवतो.

बिनकार्ड (धागाकर्ता)

घेऊनच टाकू नका. "मोजल्याशिवाय" लिहिलंय. बाबांना सांगा जुना पंप काढून पाटीवर ठेवा, शेजारी पट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढा. तिरका नको. पुलीच्या उंचीचा वेगळा. तुम्ही दुकानात तेच मोजा. जुळलं तर घ्या.

यारा_काठ

बरं. आत्ताच फोन केला. बाबा रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन गाडीखाली गेलेत. आई माझ्यावर चिडलीय.

खोपोलीकर

गाडीखाली जाणाऱ्या बाबांना सांगा, इंजिन गार आहे ना बघा आधी. पाणी उकळलेलं असतं.

कोनाडा

धागाकर्ते, मामींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं अर्धं पटणं आणि माझं अर्धं पटणं सारखंच असावं.

बाबा आता नाहीत. गाडी गावी पडवीत उभी आहे, त्या किंगपिन नंतर ऑपेरा हाउसवरून आणून घातल्या होत्या, पण वीस वर्षं ग्रीस नाही. मुलगा म्हणतोय सुरू करून बघू. वहीत किंगपिनचं पान आहे का?

बिनकार्ड (धागाकर्ता)

आहे. दीड पान आहे, शेवटी बुशांची मापं आणि पुढे दोनदा अधोरेखित "डावी उजवी बघून". पेन्सिल पुसट झालीय आणि मध्ये चहाचा डाग आहे. सकाळी उजेडात फोटो काढून टाकतो.